विद्येचें मोल कोणीं दिलें ?

बारावीचा निकाल लागून उन्हाळा सरूं लागला म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो. मुलाला सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयांत जागा मिळण्यासारखी असते, पण ती त्याच्या आवडीच्या विषयाची नसते, किंवा दूरच्या गांवीं असते. उलटपक्षीं एखाद्या खाजगी विद्यापीठांत हवी ती शाखा त्याची वाटच पाहत असते. मात्र तेथील फी कित्येक पटींनीं अधिक. आईला वाटतें, पोराचें आयुष्य एकदांच घडावयाचें, तेथें पैशाकडे पाहूं नये. वडील पुंजीचा हिशेब मांडूं लागतात, आणि पाठोपाठ येणाऱ्या धाकट्या मुलीचाहि विचार त्यांना सोडीत नाहीं. घरांतील आजोबा, आमच्या वेळीं असें नव्हतें, एवढें बोलून स्वस्थ बसतात.

आजोबांचें म्हणणें खरें, पण अर्धेंच. त्यांच्या वेळीं फी थोडी होती. परंतु शिक्षण म्हणून स्वस्त नव्हतें. अध्यापकाचा पगार, पुस्तकें, प्रयोगशाळा, इमारत यांना पैसा तेव्हांहि लागत होता, आणि तो कोणीतरी देतच होता. महाराष्ट्रांतील उच्च शिक्षणाचा दोनशें वर्षांचा इतिहास हा एका अर्थीं, हें मोल कोणीं दिलें आणि त्याच्या बदल्यांत काय मिळालें, याचाच इतिहास आहे. तो डोळ्यांपुढें असला म्हणजे आजच्या घरांतील प्रश्नाचा निकाल लावणें बरेंच सोपें होतें.

प्रारंभीं हें मोल राजसत्तेनें दिलें. १८१८ सालीं पेशवाई संपली, तरी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची जी चाल पेशव्यांनीं चालविली होती, तिचा निधि इंग्रजांनीं एकदम मोडला नाहीं. त्याच निधींतून १८२१ सालीं पुण्यास विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तेथें विद्यार्थ्यांकडून फी घेणें तर दूरच, उलट त्यांच्या निर्वाहासाठीं त्यांनाच वेतन मिळे. मुंबईंत याच सुमारास निराळी रीत सुरू झाली. १८२७ सालीं गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन स्वदेशीं जावयास निघाले, तेव्हां मुंबईकरांनीं त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली. ती दोन लक्ष रुपयांच्या वर गेली, आणि तींतून प्राध्यापकांच्या जागा निर्माण झाल्या. एल्फिन्स्टन कॉलेजचें मूळ तें हेंच. म्हणजे या प्रांतांत इंग्रजी उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला, तो बऱ्याच अंशीं धनिकांच्या दानशूरपणावर.

१८५४ सालच्या वुडच्या खलित्यानें सरकारी धोरण ठरून गेलें. सर्व भार एकट्या सरकारनें वाहणें शक्य नाहीं, खाजगी संस्थांस अनुदान देऊन उत्तेजन द्यावें, आणि विद्यार्थ्यांकडून कांहींतरी फी अवश्य घ्यावी, असें त्याचें तात्पर्य होतें. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पुण्याच्या पाठशाळेचें रूपांतर होत होत तिचें डेक्कन कॉलेज बनलें, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साह्यानें १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या, देखण्या इमारतींत गेलें. इमारत भव्य, प्राध्यापक विलायतेहून आलेले, आणि खर्चहि त्या मानाचा.

अशा महाविद्यालयांत गरिबाच्या मुलानें शिकणें म्हणजे काय होतें, हें गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रावरून कळतें. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचा हा विद्यार्थी डेक्कन कॉलेजांत शिकत असतां त्याच्यापाशीं एकच सदरा होता, तो रात्रीं धुवून सकाळीं पुन्हां अंगावर चढवावा लागे, असें सांगतात. एम्. ए. होण्याच्या सुमारास त्यानें आपल्या आईस कळविलें कीं, मोठ्या पगाराची आशा करूं नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितासाठीं खर्च करणार. ज्या मातेनें मुलाच्या पदवीकडे डोळे लावून दिवस काढले, तिला हें वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना आजच्या आईबापांस सहज करतां येईल.

त्याच कॉलेजांत आगरकरांची व बाळ गंगाधर टिळकांची गांठ पडली. तिकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली होती. या मंडळींच्या संकल्पांतून २ जानेवारी १८८० रोजीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें. आगरकर आपली परीक्षा संपवून पुढील वर्षीं येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. वामन शिवराम आपटे हे त्याचे पहिले प्राचार्य. शिक्षण सुलभ व स्वस्त करावें, हाच सोसायटीनें आपला उद्देश म्हणून जाहीर केला होता. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आज 'खाजगी' या शब्दाबरोबर 'महाग' हा शब्द आपोआप ओठांवर येतो. त्या काळीं नेमकें उलट होतें. महाग तें सरकारी, आणि स्वस्त तें खाजगी.

ही स्वस्ताई आली कोठून ? सोसायटीचे जे आजीव सभासद होत, ते वीस वर्षें संस्थेची सेवा करण्याचें वचन देत, आणि त्यांस दरमहा ७५ रुपये मिळत. याच काळांत, शतक संपण्याच्या सुमारास, सरकारच्या इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधील प्राध्यापकाचा पगार दरमहा ५०० रुपयांपासून सुरू होई. या दोन आंकड्यांतील अंतर हेंच फर्ग्युसन कॉलेजच्या थोड्या फीचें रहस्य होय. विद्यार्थ्याच्या बापानें जें दिलें नाहीं, तें अध्यापकाच्या बायकामुलांनीं दिलें. गोपाळ कृष्ण गोखले याच अटींवर वीस वर्षें शिकवीत राहिले, आणि निवृत्त होतांना त्यांना दरमहा ३० रुपये पेन्शन मिळालें. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, तेव्हां त्यांना कोठेंहि मानाची व द्रव्याची जागा मिळाली असती. तरी १९०२ सालीं ते परत येऊन याच कॉलेजांत त्याच व्रतानें रुजू झाले.

म्हणून त्या वेळच्या पालकाला एक मोठा लाभ होता. मुलगा ज्या कॉलेजांत पाठवावयाचा तेथें शिकविणार कोण, हें त्याला नांवानिशीं ठाऊक असे. इमारत साधी होती. आरंभीं तर कॉलेज शहरांतील एका वाड्यांतच भरे. पण संस्कृत कोशकार आपटे, गणित शिकविणारे टिळक, तर्क व इतिहास यांत रंगणारे आगरकर, हें त्या वाड्याचें वैभव होतें.

तथापि या व्यवस्थेचीहि दुसरी बाजू सांगितली पाहिजे. माणसाच्या त्यागावर उभी राहिलेली संस्था त्या त्यागाच्या मोजमापावरूनच भांडूं लागते. आजीव सभासदानें बाहेर कमाई करावी कीं न करावी, आपला सारा वेळ व सारें उत्पन्न संस्थेस वाहिलें पाहिजे कीं काय, यावरून मतभेद वाढत गेले. संसार तर सर्वांनाच होता, आणि ७५ रुपयांत तो ओढाताणीनें चाले. अखेर १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. आगरकर आपट्यांच्या मागून १८९२ सालीं प्राचार्य झाले आणि १८९५ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, निवर्तले. थोड्या पैशांत उत्तम शिक्षण मिळणें शक्य आहे, हें या पिढीनें सिद्ध केलें. पण तें फुकट होत नाहीं, हेंहि तिनेंच सिद्ध केलें.

फर्ग्युसन कॉलेजमधील एका गणिताच्या प्राध्यापकानें पुढें याहून धाडसी प्रयोग केला. १८९१ सालीं तेथें आलेले धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढलें. खरें पाहतां महाराष्ट्रांतील पहिलें खाजगी विद्यापीठ तें हेंच. मातृभाषेंतून शिक्षण आणि स्त्रीजीवनास उपयोगी असा अभ्यासक्रम हीं त्याचीं वैशिष्ट्यें होतीं. आरंभीं दारोदार फिरून मिळविलेल्या लहान लहान वर्गण्यांवर तें चाललें. १९२० सालीं विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या मातुःश्रींचें नांव विद्यापीठास लाभलें.

पण या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. तिच्यासाठींचा कायदा झाला तो १९४९ सालीं. मधल्या तेहेतीस वर्षांत ज्यांनीं आपल्या मुली तेथें पाठविल्या, त्यांनीं फीपेक्षां निराळेंच मोल दिलें. मुंबई विद्यापीठाच्या पदवीला दरबारीं जो मान होता, तो या पदवीला नव्हता, हें जाणून त्यांनीं मुलींस पाठविलें. त्यांना तेथें मिळणारें शिक्षण अन्यत्र मिळत नव्हतें, म्हणून तो सौदा त्यांना मंजूर होता. ही जाणीव महत्त्वाची. मान्यता नसलेली पदवी पत्करणें हा नेहमींच मूर्खपणा नव्हे. पण ती न समजतां पत्करणें हा मात्र नेहमींच घात होय.

तिसरी वाट कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं दाखविली. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने विकावयास काढले, त्यांतून मंगळसूत्रहि सुटलें नाहीं. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, तेथें 'कमवा व शिका' हें तत्त्व होतें. ज्याच्या घरीं पैसा नाहीं त्यानें शेतांत, बांधकामावर घाम गाळावा आणि शिकावें. येथें मोल दिलें तें विद्यार्थ्याच्या हातांनीं.

स्वातंत्र्यानंतर हा भार क्रमाक्रमानें सरकारी तिजोरीकडे गेला. खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांतील अध्यापकांचे पगार अनुदानांतून होऊं लागले, आणि फी थोडीच राहिली. आजोबा ज्या काळाची आठवण काढतात, तो हा काळ. तेव्हां त्यांच्या शिक्षणाचें मोल करदात्यानें दिलें. त्यांत ज्याचा मुलगा कधीं कॉलेजची पायरी चढला नाहीं, असा शेतकरी व मजूरहि होता.

परंतु जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिति लवकरच आली. वैद्यक व अभियांत्रिकी या शाखांत ती विशेष तीव्र झाली. शेजारच्या कर्नाटकांत मणिपाल येथें १९५३ सालींच खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघालें होतें, आणि महाराष्ट्रांतील ऐपतदार लोक देणग्या मोजून आपलीं मुलें तिकडे धाडूं लागले. आपला पैसा व आपलीं मुलें बाहेर कां जावीं, असा प्रश्न निघाला. १९८३ सालीं मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनीं विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांस परवानगी दिली. स्वतःला फारसें शालेय शिक्षण न लाभलेल्या या नेत्याच्या एका निर्णयानें शिक्षणाचा नकाशा बदलला. ग्रामीण भागांतील व मध्यम वर्गांतील हजारों मुलें इंजिनिअर झालीं, हें त्याचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. मात्र मोल देणारा बदलला. अध्यापक, दाता, विद्यार्थ्याचे श्रम, सरकार या सर्वांच्या मागून आतां पाळी आली पालकाची.

त्याबरोबरच कॅपिटेशन फी नांवाचा प्रकार बोकाळला. प्रवेशाची किंमत म्हणून वरकड रक्कम मागितली जाऊं लागली, आणि संस्थाचालकांना लोक शिक्षणसम्राट म्हणूं लागले. महाराष्ट्रानें १९८७ च्या अधिनियमानें ही प्रथा गुन्हा ठरविली. पुढें वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९९२ सालीं मोहिनी जैन खटल्यांत कर्नाटकांतील वैद्यकीय फीचे आंकडे पुढें आले. सरकारी जागेस वर्षाला २,००० रुपये, खाजगी महाविद्यालयांत राज्यांतील विद्यार्थ्यास २५,००० पर्यंत, आणि परप्रांतीयास ६०,००० पर्यंत. न्यायालयानें कॅपिटेशन फी बेकायदा ठरविली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानें अर्ध्या जागा सरकारी फीच्या व अर्ध्या वाढीव फीच्या, अशी वांटणी केली. म्हणजे एका विद्यार्थ्याचा बाप दुसऱ्याच्याहि शिक्षणाचें मोल देऊं लागला. २००२ सालीं टी. एम. ए. पै खटल्यांत अकरा न्यायाधीशांच्या पीठानें ती योजना रद्द केली. संस्थेनें आपली फी ठरवावी, वाढीसाठीं वाजवी शिल्लकहि ठेवावी, पण नफेखोरी करूं नये, असा दंडक घालून दिला. २००५ च्या इनामदार निकालानें तोच मार्ग पुढें नेला. महाराष्ट्रांत व्यावसायिक महाविद्यालयांच्या फीवर देखरेख करण्यासाठीं २०१५ सालीं स्वतंत्र कायदा झाला.

या साऱ्या निकालांतून एक सूत्र निघतें. फी आणि खर्च यांचा मेळ असला पाहिजे. न्यायालयानें संस्थांस जो प्रश्न विचारला, तोच पालकानेंहि विचारावयास हवा. जादा घेतलेला पैसा वर्गापर्यंत पोंचतो काय ?

खाजगी विद्यापीठें ही या कथेची शेवटची पायरी. त्यांच्याविषयीं एक धडा छत्तीसगडनें दिला. त्या राज्याच्या २००२ सालच्या कायद्याखालीं शंभरांहून अधिक खाजगी विद्यापीठें कागदोपत्रीं उभीं राहिलीं. त्यांतील कित्येकांस ना धड इमारत, ना ग्रंथालय. प्राध्यापक यशपाल यांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्यांतील संबंधित कलमें रद्द ठरविलीं. ज्यांनीं तेथें पैसे भरले होते, त्यांना विद्यापीठ हें नांव विकत घेतां आलें, विद्यापीठ नव्हे.

आतां पुन्हां त्या घरांतील बैठकीकडे वळावयास हरकत नाहीं. इतिहासानें दिलेल्या कसोट्या तीन आहेत. पहिली अध्यापकाची. १८८५ सालच्या पालकाला शिकविणाराचें नांव ठाऊक होतें. आजच्या पालकानेंहि तें विचारावें. कायम नेमलेले प्राध्यापक किती, ते किती वर्षें टिकून आहेत, आणि जाहिरातींत झळकणारे विद्वान खरोखर वर्गावर येतात काय, हें पाहावें. हिरवळ, काचेच्या भिंती आणि वातानुकूलित सभागृह यांनीं गणित समजत नाहीं. दुसरी कसोटी मान्यतेची. विद्यापीठास विद्यापीठ अनुदान आयोगाची, आणि त्या त्या अभ्यासक्रमास संबंधित परिषदेची मंजुरी आहे कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं पाहावें, मागून नव्हे.

तिसरी कसोटी हिशेबाची, आणि ती पाटीवर मांडून पाहण्यासारखी आहे. समजा, महागड्या संस्थेंत दरसाल अडीच लक्ष रुपये अधिक पडतात. चार वर्षांचे झाले दहा लक्ष. ते शेंकडा दहा व्याजानें काढून सात वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारें १६,६०० रुपये भरावे लागतील, आणि एकंदर रक्कम जवळजवळ १४ लक्षांवर जाईल. शिकत असतांना चढलेलें व्याज निराळेंच. स्वस्त महाविद्यालयांतील पदवीधरास जर दरमहा ३०,००० मिळाले, तर महागड्या संस्थेंतून निघालेल्यास नुसती बरोबरी साधण्यासाठीं सात वर्षें ४६,६०० मिळाले पाहिजेत. संस्थेनें एखाद्या विद्यार्थ्यास मिळालेल्या मोठ्या पगाराची बातमी छापली, तर त्या वर्गांतील मधल्या विद्यार्थ्यास काय मिळालें, हें विचारावें. शंभरांतल्या पहिल्याचा आंकडा हा पन्नासाव्याच्या उपयोगाचा नाहीं.

या तिन्ही कसोट्यांस जी संस्था उतरते, तिची वाढीव फी देण्यास संकोच करूं नये. मुलाला हवी ती विद्या दुसरीकडे मिळतच नसेल, तर मुळींच करूं नये. कर्व्यांकडे मुली पाठविणारांनींहि तेंच केलें. पण अध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच, आणि जादा पैसा केवळ नांवाचा व थाटाचा असेल, तर साध्या महाविद्यालयांत मुलाला घालून उरलेल्या पैशांतून त्याला पुस्तकें घेऊन द्यावीं आणि धाकट्या मुलीची पुंजी शाबूत ठेवावी. तिच्या शिक्षणाच्या किंमतीवर थोरल्याचा थाट होणें, हें त्या घरानें दिलेलें सर्वांत महाग मोल ठरेल.

आणि या चर्चेंत मुलालाहि बसवून घ्यावें. आगरकरांना आपल्या शिक्षणासाठीं घरानें काय सोसलें, तें पक्कें ठाऊक होतें. आपल्या पदवीचें मोल कोणी दिलें आहे, हें ज्या विद्यार्थ्याला कळलें, तो साध्या वाड्यांतहि शिकतो. ज्याला कळलें नाहीं, त्याला संगमरवरी विद्यापीठहि शिकवूं शकत नाहीं.